चिकनकारीचे ऑनलाइन दुकान : भाड्याचे की मालकीचे?

मुक्त-स्रोत ऑनलाइन दुकान म्हणजे असे सॉफ्टवेअर, जे कोणीही विनामूल्य उतरवून घेऊ शकतो, स्वतःच्या सर्व्हरवर बसवू शकतो आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलू शकतो. मालाची यादी, खरेदीची टोपली, पैसे घेणे, कर, पाठवणी, परतावा ही दुकानाची कामे त्यात आधीच लिहिलेली असतात. मालकाने फक्त आपला माल, आपले दर आणि आपले नियम भरायचे. या प्रकारातले पहिले मोठे नाव ओएस-कॉमर्स. ते मार्च २००० मध्ये जर्मनीत सुरू झाले. पॅरिसचे प्रेस्टाशॉप २००७ मध्ये आणि लॉस एंजेलिसच्या व्हेरियन कंपनीचे मजेन्टो २००८ मध्ये आले. वर्डप्रेसवर चालणारे वूकॉमर्स २०११ चे. ते जिगोशॉप या दुसऱ्या मुक्त प्लगिनच्या कोडवरून तयार झाले. एकाने लिहिलेले दुसऱ्याने घेऊन पुढे न्यावे, याला मुक्त परवाना रीतसर मुभा देतो. भारतातही या धाटणीचे मोलाचे काम झाले आहे. नोएडाच्या वेबकुल कंपनीने लाराव्हेल या प्रोग्रामिंग चौकटीवर आधारलेले बागिस्टो तयार केले. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीच्या ईआरपीनेक्स्टला वेबशॉप नावाचे ॲप जोडले, की हिशेब आणि साठ्याच्या त्याच प्रणालीवर ऑनलाइन दुकानही चालते.

याउलट शॉपिफायसारख्या सेवेत दुकान महिन्याच्या भाड्याने मिळते आणि मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेत तर फक्त एक फळी मिळते. यांपैकी कोणता मार्ग धरावा, हा प्रश्न लखनऊच्या चिकनकारीच्या व्यापारात फार स्पष्टपणे उभा राहतो. ‘लखनऊ चिकन क्राफ्ट’ला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. उत्तर प्रदेश सरकारने २४ जानेवारी २०१८ रोजी ‘एक जनपद एक उत्पाद’ योजना जाहीर केली, तेव्हा लखनऊ जिल्ह्यासाठी चिकनकारी आणि जरी-जरदोजी निवडली गेली. नाव देशभर पोचले आहे, माल हाताचा आहे आणि एक नग दुसऱ्यासारखा हुबेहूब नसतो. असा माल ऑनलाइन विकताना सॉफ्टवेअरची खरी परीक्षा होते.

इथे या प्रश्नाच्या दोन बाजू संवादातून मांडल्या आहेत. एक बाजू लग्नानंतर लखनऊला स्थायिक झालेल्या आणि चौकात गोल दरवाज्याजवळ चिकनचे दुकान चालवणाऱ्या मराठी काकूंची. दुसरी पुण्यात वेबसाइटची कामे करणाऱ्या त्यांच्या पुतण्याची. ही दोन्ही पात्रे मांडणीसाठी योजलेली आहेत. त्यांचे मुद्दे मात्र या धंद्यात रोज निघणारे आहेत.

काकू : फुकट मिळतं म्हणून कुणी दुकान थाटत नाही रे. बाजारपेठेच्या ॲपवर माल चढवला, की कुठून कुठून मागणी येते. ते कमिशन कापतात, पण गिऱ्हाईक आणून देतात. तुझ्या त्या दुकानात गिऱ्हाईक कोण आणणार?

पुतण्या : काकू, पहिल्या दिवशी कोणीच येणार नाही, हे मी आधीच सांगतो. पण ॲपवर आलेलं गिऱ्हाईक तुमचं नसतं. त्याला पुन्हा कुर्ता हवा झाला तर तो ॲप उघडेल, तुम्हाला फोन करणार नाही. त्याने काय घेतलं, कोणतं माप लागलं, काय परत केलं ही वही ॲपवाल्यांकडे राहते.

काकू : वहीचं मला पटतं. चौकातली जुनी गिऱ्हाइकं आम्ही नावानिशी ओळखतो. कुणाची मुलगी लग्नाची झाली, हेसुद्धा माहीत असतं. पण वहीपेक्षा मला दुसरी गोष्ट सलते. ॲपवर ‘चिकनकारी’ लिहून शोधलं, की मशीनचं भरतकाम आणि हातचं काम एका रांगेत येतं. वरून किमतीच्या क्रमानं लावलं, की मशीनचं वर आणि माझं तळाला. आमच्या कारीगरीण बायकांनी महिनामहिना डोळे ताणून काढलेलं काम तिथं ‘महाग’ एवढंच ठरतं.

काकूंचा हा मुद्दा कमिशनच्या हिशेबापेक्षा मोठा आहे. मोठ्या बाजारपेठेत मालाची माहिती कोणत्या रकान्यांत भरायची हे बाजारपेठ ठरवते. रंग, माप, कापड, बाही असे रकाने असतात. टाका कोणता, काम कोणत्या बाजूने केले, हाताचे की यंत्राचे, याला बहुधा वेगळा रकाना नसतो आणि रकाना नसला, की त्यावर गाळणीही लावता येत नाही. मुक्त-स्रोत दुकानात हे रकाने मालक स्वतः तयार करतो. वूकॉमर्समध्ये त्यांना ‘ॲट्रिब्यूट’ म्हणतात. एकदा ‘टाका’ हा ॲट्रिब्यूट करून त्यात मुर्री, फंदा, जाळी, बखिया, टेपची ही मूल्ये भरली, की गिऱ्हाइकाला फक्त जाळीकामाचे कुर्ते पाहता येतात. हस्तकलेसाठी स्वतःचे दुकान उभारण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे. कमिशन वाचते, हे कारण त्यानंतरचे.

काकू : आणि मजेन्टो, बागिस्टो अशी जी नावं तू घेतोस, त्यातलं आपल्याला कोणतं?

पुतण्या : तुमचे नग शंभर-दोनशेच्या घरात आहेत. मजेन्टो हजारो नगांच्या आणि अनेक गोदामांच्या व्यापारासाठी चांगलं आहे. पण त्याला दणकट सर्व्हर आणि शोधासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं, शिवाय ते सांभाळायला माहीतगार माणूस हवा. बागिस्टो नेटकं आहे. मात्र ते बसवायला कंपोझर हे साधन आणि कमांड लाइन यायला हवी. घरात प्रोग्रामर असेल तर ते जरूर घ्यावं. वूकॉमर्सचं असं आहे, की साध्या शेअर्ड होस्टिंगवर ते चालतं, वर्डप्रेस मराठीत आणि हिंदीतही मिळतं, आणि मी उद्या हाताशी नसलो तरी ते येणारा माणूस तुमच्या लखनऊत, अलीगंजातही सापडेल.

काकू : म्हणजे तू नसलास तरी चालेल असं. हे महत्त्वाचं सांगितलंस.

मंच निवडताना वैशिष्ट्यांची यादी पाहण्यापेक्षा हा निकष अधिक उपयोगी पडतो. सॉफ्टवेअर कितीही चांगले असले, तरी ते दुरुस्त करणारा माणूस आपल्या गावात आणि आपल्या खर्चात मिळतो का, हे आधी पाहावे. दुसरा निकष नोंदींचा. ज्यांचा हिशेब आणि साठा आधीच ईआरपीनेक्स्टवर आहे, त्यांनी दुकानासाठी वेगळा मंच आणून दोन ठिकाणी नोंदी ठेवण्यात काही हशील नाही.

पुतण्या : खर्चाचंही आत्ताच बोलून घेऊ. सॉफ्टवेअरला पैसे नाहीत. डोमेन आणि होस्टिंग दरवर्षी भरावं लागतं. एसएसएल प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं. पेमेंट गेटवे दर व्यवहारामागे साधारण दोन टक्के घेतो आणि त्या शुल्कावर जीएसटी वेगळा. एखाददुसरं प्लगिन विकत घ्यावं लागेल.

काकू : आणि विकतचं प्लगिन फुकटात देणाऱ्या साइट असतात म्हणे?

पुतण्या : त्यांच्याकडे फिरकायचंसुद्धा नाही. त्या फायलींत कुणी काय घुसवलंय हे कळत नाही, आणि दुकानातून गिऱ्हाइकाची माहिती चोरण्याचा तो नेहमीचा रस्ता आहे.

सुरुवातीची पायरी छोटी आहे. डोमेन घ्यायचे, होस्टिंगवर वर्डप्रेस बसवायचे, त्यात वूकॉमर्स प्लगिन चालू करायचे, एसएसएल लावून सगळा पत्ता ‘एचटीटीपीएस’वर आणायचा. जाणकाराला हे काम एका बैठकीत होते. त्यानंतर दुकान कुठे आहे, चलन कोणते, माल कुठे पाठवणार, एवढी प्राथमिक माहिती मंचच विचारून घेतो. देखणी थीम शोधण्यात पुष्कळांचा वेळ इथेच जातो. हलकी, मोबाइलवर चटकन उघडणारी कोणतीही थीम सुरुवातीला पुरे. खरा वेळ मालाच्या पानाला द्यायला हवा.

काकू : आता हा कुर्ता घे. पांढरी मलमल, गळ्याला मुर्री आणि फंदा, मध्ये जाळी. याचं पान कसं करशील?

पुतण्या : आधी मला सांगा, मुर्री आणि फंदा यांत फरक काय? पानावर तोच लिहायचाय.

काकू : मुर्री तांदळाच्या दाण्यासारखी लांबट, फंदा बाजरीएवढा गोल. जाळीत धागा कापत नाहीत, सुईनं कापडाचे धागे बाजूला सारून भोकं पाडतात. बखिया उलट्या बाजूनं भरतात, म्हणून सुलट बाजूला नुसती सावली दिसते. आणि हातचं काम ओळखायचं तर कापड उलटून पाहावं. मशीनचं मागचं एकसारखं असतं. हाताच्या कामात मागे धाग्याच्या उड्या आणि गाठी दिसतात.

पुतण्या : मग प्रत्येक नगाचा एक फोटो उलट्या बाजूचा. तो या दुकानाचा नियमच करू.

मालाच्या पानावर काय असावे हे या कुर्त्यावरून पाहता येते. नावात ‘सुंदर डिझायनर कुर्ता’ असले शब्द घालण्यापेक्षा ‘मलमल कुर्ता, मुर्री-फंदा-जाळी, हातभरत’ असे लिहावे. गिऱ्हाईक शोधताना हेच शब्द वापरते. फोटो किमान चार हवेत : पूर्ण नग, गळ्याचे काम जवळून, उलट बाजू, आणि कापडाची पारदर्शकता कळावी म्हणून हात आत घालून घेतलेला एक. मापांच्या तक्त्यात नुसते एस, एम, एल न लिहिता छाती, उंची आणि बाही इंचांत द्यावी, कारण परत येणाऱ्या कपड्यांचे मोठे कारण माप असते. धुलाईबद्दलही लिहावे. चिकनच्या कापडावर आधी लाकडी ठशाने निळसर नक्षी छापतात आणि भरतकाम झाल्यावर ती धुऊन काढतात. एखाद्या नगावर त्या छपाईचा फिका अंश राहतो. हे पानावर आधी लिहिलेले असले तर गिऱ्हाईक तो डाग समजून नग परत पाठवत नाही. शेवटी पॅकिंगसह वजन भरावे, कारण पाठवणीचा दर त्यावरच निघतो.

सॉफ्टवेअरच्या बाजूने इथे एक निर्णय लागतो. वूकॉमर्समध्ये ‘साधा’ आणि ‘प्रकारांचा’ असे नगाचे दोन मुख्य भेद आहेत. एकाच नमुन्याचे पाच मापांत आणि तीन रंगांत कुर्ते असतील तर एकाच पानाखाली त्यांचे प्रकार करावेत आणि प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र साठा द्यावा. पण ज्या कामाचा एकच नग आहे, तो साध्या प्रकारात घालून साठा एक ठेवावा. व्यापारी सोयीसाठी सगळे ‘प्रकारांत’ कोंबतात आणि मग फोटोतला नग एक, हातात पडलेला दुसरा, अशी तक्रार ओढवते.

काकू : एकच नग असला आणि दोघांनी एकदम घेतला तर?

पुतण्या : त्यासाठी साठ्याची नोंद चालू ठेवायची. कुणी मागणी नोंदवली पण पैसे भरले नाहीत, तर तो नग ठरावीक मिनिटं त्याच्यासाठी अडवलेला राहतो. वूकॉमर्समध्ये मुळात ही मुदत साठ मिनिटांची असते. मग मागणी आपोआप रद्द होऊन नग परत विक्रीला येतो. तुमच्यासाठी मी ती मुदत कमी करीन.

काकू : आणि तोच नग दुकानात माझ्या पोरानं विकला असला तर?

पुतण्या : ते सॉफ्टवेअरला कळणार नाही. गल्ल्यावरची विक्री झाली, की मोबाइलवरून साठा शून्य करायची सवय लावावी लागेल. नाहीतर सोपा मार्ग म्हणजे ऑनलाइनचे नग वेगळ्या कपाटात ठेवायचे.

कपाट वेगळे करण्याचा हा सल्ला लहान दुकानासाठी कोणत्याही प्लगिनपेक्षा भरवशाचा आहे. पहिल्या टप्प्यात वीस-पंचवीस नग चढवावेत, पण प्रत्येकाचे पान पूर्ण असावे.

कराच्या भागात मात्र थांबून काम करावे लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवर, नगाची विक्री किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. लखनऊहून उत्तर प्रदेशातच माल गेला तर हा कर केंद्र आणि राज्य असा निम्मा निम्मा लागतो. पुण्याला गेला तर तेवढाच एकात्मिक कर. वूकॉमर्सच्या करतक्त्यात हे तीन ओळींत बसते. उत्तर प्रदेशासाठी २.५ टक्क्यांच्या दोन ओळी, त्यांना वेगवेगळे प्राधान्यक्रमांक, आणि उर्वरित भारतासाठी ५ टक्क्यांची एक ओळ. दोन ओळींना एकच प्राधान्यक्रमांक दिला तर त्यातली एकच लागू होते आणि निम्मा कर गळतो. १८ टक्क्यांच्या वर्गासाठी अशाच तीन ओळी पुन्हा भरायच्या.

काकू : दिवाळीला मी सूट देते. २,८०० चा कुर्ता २,४०० ला. मग?

पुतण्या : कर प्रत्यक्ष विक्री किमतीवर ठरतो. म्हणजे सवलतीत तो ५ टक्क्यांत आला. पण वूकॉमर्स स्वतःहून करवर्ग बदलत नाही. सवलत लावताना वर्गही बदलायचा आणि सवलत संपली की पुन्हा पूर्ववत करायचा. नाहीतर त्यासाठी छोटासा कोड लिहावा लागेल, तो मी लिहून देतो. कोड आपल्या हातात असल्याचा उपयोग अशा ठिकाणी होतो.

नोंदणीचेही नियम आहेत. दुसऱ्या राज्यात माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी सर्वसाधारणपणे सक्तीची आहे. ठरावीक हस्तकला वस्तूंना उलाढालीच्या मर्यादेत सूट आहे, पण ती आपल्या मालाला लागू होते की नाही हे करसल्लागाराकडून लेखी घ्यावे. जीएसटीच्या कंपोझिशन या सोप्या करयोजनेतल्या दुकानदाराला परराज्यात विक्री करता येत नाही. चौकातले पुष्कळ छोटे दुकानदार सोयीसाठी त्या योजनेत असतात. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांसाठी वेबसाइट काढण्याआधी त्यांनी त्यातून बाहेर पडायला हवे.

काकू : पैसे कसे येणार? आमच्याकडे सगळे क्यूआर कोड लावून घेतात, एक पैसा कापला जात नाही.

पुतण्या : तो क्यूआर वेबसाइटवरही लावता येतो. मग गिऱ्हाईक स्क्रीनशॉट पाठवणार आणि तुम्ही बँकेत पैसे आले का ते बघत बसणार. दिवसाला दोन मागण्या असतील तोवर ते चालतं. त्यापुढे गेटवे हवा. तो पैसे आल्याची खबर थेट दुकानाला देतो.

काकू : खबर देतो म्हणजे?

गेटवेची ही खबर म्हणजे वेबहुक. नव्या दुकानात याच जागी सर्वाधिक गोंधळ होतो. गिऱ्हाईक यूपीआय निवडते, फोनवर बँकेचे ॲप उघडते, तिथे पिन टाकते आणि पैसे गेल्याचे पाहून फोन खिशात ठेवते. ब्राउझरमधले दुकानाचे पान पुन्हा उघडतच नाही. दुकान त्या पानाच्या परतण्यावरच अवलंबून असेल, तर पैसे खात्यातून गेले तरी मागणी ‘पैसे बाकी’ दाखवते आणि साठा अडवण्याची मुदत संपली, की रद्दही होते. वेबहुक लावला असेल तर गेटवेचा सर्व्हर दुकानाच्या सर्व्हरला परस्पर कळवतो आणि मागणी ‘प्रक्रियेत’ या स्थितीत जाते. यासाठी गेटवेच्या खात्यात दुकानाचा एक विशिष्ट पत्ता आणि एक गुप्त शब्द भरावा लागतो. चाचणीच्या रीतीत हे चालवून पाहावे आणि नंतर खऱ्या पैशांची एक लहान खरेदी करून मुद्दाम ब्राउझर मधेच बंद करावा. ती मागणी नीट नोंदली गेली, तर दुकान उघडायला हरकत नाही.

कार्डाचा क्रमांक दुकानाने साठवायचा नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना ती माहिती ठेवता येत नाही. गेटवेच्या पानावर कार्ड भरून घेतले, की हा प्रश्नच उरत नाही. गेटवे खाते देताना पॅन, बँक खाते आणि दुकानाची पाने तपासतो. अटी, गोपनीयता, परतावा, पाठवणी आणि संपर्क ही पाने नसतील तर खाते अडते.

काकू : ती पानं कुठूनतरी उचलून टाकतात सगळे.

पुतण्या : तसं करू नका. परताव्याच्या पानावर जे लिहाल ते तुम्हाला पाळावं लागेल. ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे दुकानाचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव वेबसाइटवर लागतं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत.

काकू : तक्रार अधिकारी मीच. आणि परतावा कसा ठेवायचा तेही मी ठरवलंय. न वापरलेला, न धुतलेला कपडा सात दिवसांत परत. मापाप्रमाणे शिवून दिलेला परत घेणार नाही, पण ते मागणी नोंदवतानाच लिहिलेलं पाहिजे. माल आमच्या चुकीनं खराब गेला तर जाण्या-येण्याचा खर्च आमचा.

असे पान परदेशी नमुन्यावरून उतरवलेल्या चार पानी अटींपेक्षा गिऱ्हाइकाला जास्त कळते. ते हिंदी आणि इंग्रजी दोन्हीत द्यावे. मुंबई-पुण्याची गिऱ्हाइके पुष्कळ असतील तर मराठीतही द्यायला अडचण नाही.

पाठवणीसाठी वूकॉमर्समध्ये ‘झोन’ करतात. लखनऊ शहर एक झोन, तिथे दुकानातून स्वतः घेऊन जाण्याची सोय ठेवता येते. बाकी उत्तर प्रदेश दुसरा, उर्वरित भारत तिसरा. एका कुर्त्याला ठरावीक दर आणि ठरावीक रकमेवर मोफत, एवढे सुरुवातीला पुरते. स्पीड पोस्ट ईशान्येतल्या आणि डोंगरी पिनकोडांवरही पोचते, म्हणून खासगी कुरिअरसोबत तिचा पर्याय ठेवावा.

काकू : माल हातात पडल्यावर पैसे, हे ठेवावंच लागेल. आमच्या इकडे त्याशिवाय नव्या दुकानावर कुणी विश्वास ठेवत नाही.

पुतण्या : पण त्यातच नग परत येतात, काकू. दारात नको म्हणाले, की जाण्याचं आणि येण्याचं भाडं आपल्या अंगावर, आणि एकुलता एक नग पंधरा दिवस रस्त्यात.

काकू : मग एका रकमेपर्यंत ठेवू आणि पाठवण्याआधी मी फोन करीन. फोनवर दोन मिनिटं बोललं, की घेणारा कोण आणि नुसता बघणारा कोण, हे मला कळतं.

या ठिकाणी काकूंची बाजू सरस आहे. फोनची ही रीत कोणत्याही मंचात बसवलेली नसते, पण लहान दुकानाला तीच परवडते. संदेशांची गोष्ट निराळी आहे. मोबाइलवर घाऊक एसएमएस पाठवायचे तर दूरसंचार नियामकाच्या नियमांप्रमाणे डीएलटी मंचावर व्यवसायाची आणि संदेशाच्या मजकुराची नोंदणी लागते. सुरुवातीला ईमेलवर भागवावे. मात्र शेअर्ड होस्टिंगवरून थेट पाठवलेले ईमेल पुष्कळदा स्पॅममध्ये जातात. एसएमटीपी सेवा जोडून डोमेनच्या नोंदींत पाठवणाऱ्याची ओळख पटवणारे एसपीएफ आणि डीकेआयएम भरले, की मागणीची पोच गिऱ्हाइकाला वेळेवर मिळते.

काकू : दुकान उघडलं. मग कुलपाची काळजी कोण घेणार? ॲपवर ती त्यांची.

हा आक्षेप गंभीर आहे. मजेन्टोच्या पहिल्या आवृत्तीचा पाठिंबा जून २०२० मध्ये संपला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, न बदललेल्या जवळपास दोन हजार मजेन्टो दुकानांत काही दिवसांत चोरटा कोड घुसवला गेला आणि तो गिऱ्हाइकांच्या कार्डांची माहिती उचलत होता. जुलै २०२१ मध्ये वूकॉमर्समध्येही गंभीर उणीव सापडली. तिची दुरुस्ती लगेच निघाली आणि बहुतेक दुकानांत ती आपोआप पोचवली गेली. मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरमध्ये उणिवा निघतात, उघडपणे दुरुस्तही होतात, पण ती दुरुस्ती आपल्या दुकानात आली की नाही हे पाहणे मालकाचे काम असते.

पुतण्या : आठवड्यातून एकदा अर्धा तास. आधी बॅकअप, मग दुकानाच्या चाचणी-प्रतीवर अद्ययावत करायचं, एक खोटी खरेदी करून पाहायची, मग खऱ्या दुकानावर. बॅकअप सर्व्हरच्या बाहेर ठेवायचा आणि कधीतरी तो परत उभा करून बघायचा. न लागणारी प्लगिनं काढून टाकायची. आणि आत शिरायला प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड, सोबत ओटीपी.

काकू : हा अर्धा तास दर आठवड्याला कोण देणार, हे आधी ठरलं तरच मी हो म्हणेन. तू तीन महिने दे, तोवर माझा मुलगा शिकेल. नाही जमलं तर भाड्याचं दुकान घेऊ, त्यात लाज नाही.

पुतण्या : त्यालाही माझा विरोध नाही. मालाची यादी सीएसव्ही फाइलमध्ये निघते. गिऱ्हाइकांची आणि मागण्यांचीही काढता येते. दुसरीकडे जायचं झालं तर हाती काही राहिलं नाही असं होणार नाही.

बाजारपेठ सोडूनच द्यायची का, या प्रश्नावर दोघांचे मत शेवटी जवळ येते. रोजच्या वापराचे, एकाच नमुन्यातले पुष्कळ नग असलेले कुर्ते बाजारपेठेवर राहू शकतात. तिथे गिऱ्हाइकांची वर्दळ आहे. जाळीचे, मुर्रीचे, एकेरी नग स्वतःच्या दुकानात. प्रत्येक पाकिटात दुकानाचा पत्ता असलेले कार्ड घालण्याचा काकूंचा बेत होता. काही बाजारपेठा आपल्या मागणीसोबत असे कार्ड पाठवू देत नाहीत, म्हणून तो त्यांच्या अटी वाचून ठरवावा. स्वतःच्या दुकानाच्या आणि चौकातल्या गल्ल्यावरच्या पाकिटांत मात्र ते निःशंक घालता येते. जुन्या गिऱ्हाइकांना नव्या मालाची खबर देताना त्यांची संमती घ्यावी आणि ती नोंदवून ठेवावी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ ला तेच अपेक्षित आहे. केंद्र सरकारच्या प्रोत्साहनाने ३१ डिसेंबर २०२१ रोजी स्थापन झालेले ओएनडीसी हा तिसरा पर्याय आहे. ते दुकान किंवा ॲप नसून विक्रेत्यांची आणि खरेदीदारांची वेगवेगळी ॲपे जोडणारे जाळे आहे आणि बेकन या खुल्या संकेतप्रणालीवर चालते. स्वतःचे दुकान स्थिरावल्यावर एखाद्या विक्रेता-ॲपमार्फत त्यात उतरता येते.

काकू : शेवटचं विचारते. डोमेन कुणाच्या नावावर घेतलंस?

पुतण्या : अजून घेतलं नाही. तुमच्याच नावावर, तुमच्या ईमेलनं आणि तुमच्या कार्डानं घ्यायचं. होस्टिंग आणि गेटवेचं खातंही तसंच. मला फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्या, तो हवा तेव्हा काढून घेता येतो.

वेबसाइट बनवून देणारा माणूस सोयीसाठी डोमेन स्वतःच्या नावावर घेतो आणि पुढे दोघांत बिनसले, की दुकानाचा पत्ताच अडकतो. असे कितीतरी व्यापाऱ्यांच्या बाबतीत होते. म्हणून पहिला नग चढवण्याआधी एक कागद करावा. त्यावर डोमेन, होस्टिंग, वर्डप्रेस, गेटवे, ईमेल आणि कुरिअर ही सहा खाती कोणाच्या नावावर आहेत, कोणत्या फोनवर त्यांचा ओटीपी येतो आणि डोमेन व होस्टिंग यांच्या नूतनीकरणाची तारीख काय, एवढे लिहावे. हा कागद दुकानाच्या परवान्यांसोबत ठेवावा आणि खाते किंवा फोन बदलला की त्याच दिवशी दुरुस्त करावा.